सहा मिनिटांचा एक

माझं काम, हरलेल्याचं बिल बनवणं.
बर्नलीत, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथं माग होते तिथं आता आमची टेबलं.
मी इचलकरंजीची. मागांशिवायची ही शांतता
अजून कानाला टोचते.

वकिलाचा वेळ आम्ही सहा मिनिटांनी मोजतो.
पत्र वाचलं : एक.
फोन केला, कुणी उचलला नाही : तरीही एक.
अशिलाला रडू दिलं : तीन,
पण तसं लिहायचं नसतं.
लिहायचं, "सूचना घेतल्या."

जेराल्ड एन्टविसलनं शेजारणीवर दावा लावला,
कारण तिच्या छपरावरचा पत्र्याचा कोंबडा.
वारा फिरला की कोंबडा फिरायचा
आणि फिरताना करकरायचा.
त्याआधी तिच्या भिंतीवरच्या वेलीवर एक दावा,
कचऱ्याच्या डब्यावर एक. दोन्ही फेटाळलेले.
माणूस निवृत्त, ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेणारा,
जन्मभर शेजारी बसून
दुसऱ्याच्या चुका टिपलेला.

शेजारीण डिलिस हारग्रीव्ह्ज, वय एक्याऐंशी.
कोंबडा तिच्या वडिलांनी कापलेला,
बिस्किटांच्या डब्यातून.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
इथं पायरीच नाही.
काचेचं दार आपोआप सरकतं,
शहाण्याला, वेड्याला, सारखंच.
मग अडवायचं कुणी?
तर मी. म्हणजे माझा आकडा.

न्यायाधीशबाईंनी अकरा मिनिटांत निकाल दिला :
दाव्यात तथ्य नाही, कधीच नव्हतं.
प्रतिवादीचा खर्च वादीनं भरावा.
पुढचा दावा आधी आम्हाला विचारून.
फाइल माझ्याकडे आली.

चौदाव्या पानावर बाईंच्या वकिलाचं जुनं पत्र :
"आमच्या अशील कोंबड्याला तेल घालून घ्यायला तयार आहेत."
पंधराव्यावर त्याचं उत्तर :
"प्रश्न तत्त्वाचा आहे."
दोन्ही वाचली. दोन युनिटं.
दोन थेंब तेल कुठल्या रकान्यात धरायचं, कळेना.

एकतीस हजार चारशे सहा पौंड.

त्यानं हरकती पाठवल्या, पेन्सिलीनं, पट्टीनं आखून.
"झेरॉक्स नव्वद पानं? मी मोजली. सत्याऐंशी."
बरोबर होतं.
मी तीन पानं वजा केली.
तेवढंच तो जिंकला.

वसंतात त्याच्या दारात विक्रीची पाटी लागली.
कोंबडा अजून करकरतो म्हणे.
तेल घाला, असं आता कुणी म्हणत नाही.

सगळे म्हणाले, बरं झालं, धडा बसला.
मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू.
पण बुजगावण्याला
कावळा वेगळा, चिमणी वेगळी दिसत नाही.

त्याच महिन्यात ऑलिव्ह पिकप आली होती.
शाळेत मुलांना जेवण वाढणारी.
दिराच्या धंद्यात घातलेले बावीस हजार,
कागद अर्धे, बोलणं सगळं खरं.
वकील म्हणाले, साठ-चाळीस.
तिनं विचारलं, "आणि चाळीस आलं तर?"
तेव्हा मला आत बोलावलं,
कारण त्याचं उत्तर आकडा असतं.

मी आकडा सांगितला.
तिनं तो गॅसच्या बिलामागं लिहून घेतला,
बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं,
कोटाची बटणं खालून वर लावत गेली.
"चहा छान होता," म्हणाली.

शनिवारी मंडईत दिसते कधी, बटाटे निवडताना.
मी कांद्यांच्या बाजूनं जाते.

तिची फाइल पातळ. चार युनिटं.
मी त्यांच्यापुढं "माफ" लिहिलं,
आणि बराच वेळ बघत बसले,
तो शब्द नक्की कोण कुणाला म्हणतंय.